रिकामी फुलं

कोहळ्याच्या वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात, हे आमच्या सावली गावात लहानथोर सगळ्यांना माहीत आहे. एका फुलाच्या बुडाशी बोराएवढी हिरवी गाठ असते. ते कामाचं फूल, त्याचंच पुढे कोहळं होतं. दुसरं नुसत्या लांब दांडीवर उगवतं, बुडाशी काही नाही, सकाळभर पिवळा तोरा मिरवतं आणि नऊ-दहा वाजता मान टाकतं. त्याला आम्ही रिकामं फूल म्हणतो. रिकामा माणूस, रिकामे धंदे, रिकामं बोलू नको, त्यातलंच हे रिकामं. ते तोडायचं, बेसनात बुडवायचं आणि तळून खायचं. यात काही चूक आहे असं मला अठ्ठावन्न वर्षांत कुणी सांगितलं नाही. खरं तर ते मीच दुसऱ्यांना सांगायला हवं होतं, कारण मी शाळेत विज्ञान शिकवत होते.

पुण्याकडच्या वाचकांनी आत्ताच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तुमचा तांबडा भोपळा तो आमचं कोहळं. आणि आमच्याकडे भोपळा म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर येते ती लांबुळकी लौकी. हा शब्दांचा घोळ लक्षात ठेवा, कारण माझी जी फजिती झाली ती यातूनच झाली.

तर मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. 'मले' नाही, 'मला' म्हणा, असं तीस वर्षं पोरांना सांगता सांगता माझीच जीभ दोन घरची झाली. रागावले की ती माहेरी जाते. माझा स्वभाव तापट आहे असं मी म्हणत नाही, गल्ली म्हणते. आमचे हे माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाले आणि तेव्हापासून ओसरीवरच्या खुर्चीत मोबाइल घेऊन बसलेले असतात. जगात कुठे काय चाललं आहे ते त्यांना ठाऊक असतं, पण घरातली साखर संपली आहे हे नसतं. मी त्यांनाही रिकामाच म्हणायची. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत.

आमच्या शेजारी शिलाईचे मास्टर राहतात. त्यांचे वडीलही शिलाईच करायचे. अर्ध्या सावलीच्या शाळेचे गणवेश आणि लग्नाचे ब्लाउज या घरानं शिवले. मी त्यांना मास्टरभाऊ म्हणते आणि ते मला बाई म्हणतात. त्यांच्या आणि आमच्या परसात मध्ये एक बांबूचं कुंपण आहे. बाकी सगळ्या गल्लीनं अंगणात टाइल्स बसवून घेतल्या, माती उरली ती आमच्या दोन घरांत. त्या मातीत मास्टरभाऊंच्या बायकोचा, म्हणजे भाभीचा, कोहळ्याचा वेल दरवर्षी असायचा.

भाभी भामरागडकडची. तिच्या वडलांचं तिथं किराण्याचं दुकान होतं. पावसाळ्यात पूर आला की रस्ता बंद, मग कितीतरी दिवस बाहेरून काही यायचं नाही, तेव्हा घरात टांगलेली कोहळीच खायची. जंगलातल्या गावच्या एका म्हातारीनं तिच्या आईला ते बी दिलं होतं. लग्न होऊन येताना भाभीनं ते पदरात बांधून आणलं. बाजारातल्या कोहळ्यासारखं ते गुळगुळीत नव्हतं. राखाडी, खडबडीत, दिसायला अगदी रागीट. पण त्याची गूळ घालून बोंडं तळली की माणूस दिवाळीचा फराळ विसरेल. दरवर्षी एक कोहळं ती बियांसाठी राखायची आणि त्याला कुणाला हात लावू द्यायची नाही.

भाभी दोन वर्षांपूर्वी गेली. आधीचं वर्ष आजारपणात गेलं, त्या वर्षी वेल लावलाच नाही. ती गेल्यावर मास्टरभाऊंनी घरभर बी शोधलं. भामरागडला मेहुण्याला फोन लावला, तर तो म्हणाला, दुकान कधीच विकलं, म्हातारी कधीच गेली, आता तिथंही लोक पाकिटातलं बी आणतात. शेवटी गेल्या जूनच्या तोंडावर हुकाबटनांच्या डब्यात, हुकांच्या खाली, चार बिया सापडल्या. ब्लाउजचे हुक काढताना त्या कधीतरी त्यात पडल्या असतील किंवा भाभीनंच ठेवल्या असतील. मास्टरभाऊ ते चार दाणे तळहातावर घेऊन कुंपणाशी आले आणि मला दाखवले.

चारही लावले. एक उगवलं.

आता सगळं त्या एका वेलावर होतं. एक कोहळं, फक्त एक, पिकेपर्यंत टिकलं पाहिजे. मग त्यातून पुढच्या सगळ्या वर्षांचं बी मिळणार. नाहीतर भाभीच्या हातचं बी संपलं. हे मास्टरभाऊंनी मला स्पष्ट सांगितलं होतं आणि मी त्यांना शब्द दिला होता की बाई म्हणून मी जातीनं लक्ष देईन. काय लक्ष दिलं ते आता सांगते.

वेल असा फोफावला की बघत राहावं. श्रावणात तो कुंपणावर चढला आणि सकाळचं ऊन आमच्या बाजूला असल्यामुळे आमच्याकडेच झुकला. आणि मग फुलं. पहाटे दार उघडलं की कुंपणावर ताटाएवढाली पिवळी फुलं उघडलेली, आत दवाचा थेंब, कधी एखादा भुंगा रात्रभर आत झोपून सकाळी आळस देत बाहेर येतोय. फार सुंदर दिसायचं. पण मी खरं सांगते, ते सौंदर्य पाहताना माझ्या डोळ्यांपुढे कढई यायची. यात माझा एकटीचा दोष नाही. आमच्या जिल्ह्यात फुलाला नुसतं सुंदर असण्याची सोयच नाही. मोहाचं फूल वेचायचं, पळसाचं फूल होळीच्या रंगाला उकळायचं, झेंडू देवाला, गुलाब दर्ग्याच्या चादरीला. जे कुठंच जात नाही ते तळायचं.

मास्टरभाऊंनी स्वतःच सांगितलं की तुमच्या बाजूचे रिकामे फुलं तोडून घेत जा बाई, वेलाचा जोर तेवढाच वाचते. त्यांच्या बाजूला उगवलेली रिकामी फुलं ते सकाळी चहाच्या आधी तोडायचे आणि कुंपणावरून मला द्यायचे. मी आतली पिवळी दांडी खुडून टाकायची, कारण ती कडू लागते. मग बेसन, थोडं तांदळाचं पीठ, ओवा, तिखट, आणि अख्खं फूल बुडवून कढईत. नाश्त्याला अर्धे आमच्याकडे, अर्धे मास्टरभाऊंच्या ताटलीत. एकही रिकामं फूल आम्ही वेलावर राहू दिलं नाही. मला त्याचा अभिमान होता. वेल कसा स्वच्छ ठेवला आहे बघा, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

मास्टरभाऊ भजे खाताना एकदा म्हणाले की अगदी तिच्या हातचे लागतात, पण तुमचा हात मोठा आहे. भाभी म्हणे भज्यांच्या बाबतीत भारी कंजूस. वेलावर फुलं डोळ्यांना दिसत असायची आणि ताटात मोजून चार भजे. यावरून दरवर्षी दोघांचं वाजायचं. मी म्हटलं, असते एकेकाची सवय. आणि त्यांच्या ताटलीत आणखी दोन वाढले. माझा हात मोठा म्हटल्यावर मला कोण आनंद झाला होता.

मग कामाची फुलं यायला लागली. पहिल्या गाठीवर मास्टरभाऊंनी जुनी ओढणी बांधून सावली केली. पाचव्या दिवशी ती गाठ पिवळी पडली आणि गळून गेली. दुसरी गळली. तिसरी बोटाएवढी झाली आणि मऊ पडून सडली. आम्ही दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून ती बघत होतो, जणू दवाखान्यात पेशंटला बघायला आलो आहोत.

मी तपास हाती घेतला. तीस वर्षं वर्गातली चोरी पकडली आहे, मी काय वेलाला सोडते? पहिला संशय नजरेचा. मास्टरभाऊ असल्या गोष्टी मानत नाहीत म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी वेलाला एक फाटकी चप्पल टांगलेली दिसली. मग खारीवर पाळत ठेवली. मग बुडाशी ताक ओतलं. कृषी केंद्रवाल्यानं एक छोटी बाटली दिली, ती फवारली. आमच्या ह्यांनी ओसरीवरून जाहीर केलं की मातीत बोरॉन कमी असेल. मी विचारलं, बोरॉन म्हणजे काय हो? तर म्हणाले, पुढचा व्हिडिओ पाहून सांगतो.

शेवटी माझा संशय पक्का झाला तो समोरच्या टाइल्सवालीवर. तिनं मुंग्यांसाठी औषध मारलं होतं. मी भर गल्लीत तिला विचारलं की तुझ्या औषधानं मधमाश्या मेल्या असतील तर जबाबदार कोण? ती म्हणाली, मी औषध न्हाणीत मारलं. मी म्हटलं, मधमाश्या न्हाणीत जात नाहीत का? हा प्रश्न मी का विचारला ते मला आजही कळत नाही, पण तोंडातून निघाला आणि मग मागे घ्यायचा कसा. आठ दिवस आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

मधमाश्या मात्र मेलेल्या नव्हत्या. मास्टरभाऊ आता पहाटेपासून वेलाजवळ स्टूल टाकून बसायला लागले होते. त्यांनीच सांगितलं, "माश्या येऊन राह्यल्या बाई. फुलात जातात, फिरतात, आन् खाली हातानं चालल्या जातात. काऊन जातात ते समजत नाई."

मी म्हटलं, आजकालच्या माश्याही आळशी झाल्या आहेत. आणि त्यांच्या हातून त्या दिवशीची रिकामी फुलं घेतली.

दसरा झाला. वेलाच्या पानांवर पांढरी भुरी धरली, बुडाकडून तो वाळायला लागला. मास्टरभाऊंचं शिलाईत लक्ष राहिलं नाही. त्यांनी एका मुलाच्या पँटला दोन्ही खिसे एकाच बाजूला लावले, असं पस्तीस वर्षांत झालं नव्हतं. वेलाच्या शेंड्याला आता एकच कामाची कळी उरली होती. त्यामागे काही येईल असं दिसत नव्हतं. मास्टरभाऊ रोज तिच्याकडे बघून सांगायचे, परवा उघडेल, उद्या उघडेल. एक दिवस संध्याकाळी ते कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "हे बी गेलं तं मग काही नाई बाई. तिचं म्हनून घरात एवढंच राह्यलं होतं."

मी घरात आले आणि ह्यांच्यावर ओरडले, कारण ओरडायला तेच जवळ होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळी उघडली. मास्टरभाऊ स्टुलावर बसले. वेलावर रिकामी फुलं फक्त दोन आली होती, दोन्ही आमच्या बाजूला. मी ती नेहमीप्रमाणे तोडली. म्हटलं, शेवटचे भजे, आज मास्टरभाऊंचं मन तरी थाऱ्यावर येईल. गॅसवर तेल ठेवलं, बेसन कालवलं आणि फुलांच्या आतल्या पिवळ्या दांड्या खुडून ताटलीत टाकल्या.

आमचे हे मोबाइल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. ह्यांची सवय अशी की वाचलेलं मोठ्यानं वाचायचं. वाचायला लागले, "भोपळ्याची फुले एकलिंगी असतात."

मी म्हटलं, मला शिकवू नका. तीस वर्षं पाचवीच्या पोरांकडून मी हे पाठ करून घेतलं आहे. एकलिंगी फुलाचं उदाहरण, भोपळा. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. नर फुलातले परागकण मादी फुलावर गेले तर फळ धरतं. परीक्षेत हमखास येतं. पण ते भोपळ्याचं आहे, लौकीचं. इथं कोहळ्याचा प्रश्न चालू आहे.

तर हे म्हणाले, "फोटो कोहळ्याचा आहे."

मी म्हटलं, असं कसं होईल. आणि पिठाच्या हातानं मोबाइल ओढून घेतला.

फोटो कोहळ्याचाच होता. वर मोठ्या अक्षरात भोपळा लिहिलेलं आणि खाली आमचं कोहळं, पानं तीच, फूल तेच. फुलाच्या आत पिवळी दांडी, तिच्याकडे बाण, आणि बाणाशी लिहिलेलं पुंकेसर. मी मोबाइलकडे पाहिलं, मग ताटलीकडे. मग माझ्या बोटांकडे. बोटं पिवळी झाली होती. श्रावणापासून रोज सकाळी ती पिवळी व्हायची आणि रोज मी ती पदराला पुसायची. ते परागकण होते. तीस वर्षं मी जास्वंदीचं चित्र फळ्यावर काढून पोरांना विचारत होते, परागकण कुणी पाहिले आहेत का? आणि ते माझ्या पदरावर होते.

अरे देवा. अख्ख्या मोसमाचे नवरदेव मी तळून खाल्ले होते. निम्मे मास्टरभाऊंना खाऊ घातले होते.

हे म्हणाले, "म्हणजे रिकामी नव्हती तर."

त्यांच्या आवाजात जे होतं ते मला बरोबर कळलं, पण तेव्हा भांडायला वेळ नव्हता. ताटलीत दोन दांड्या. एक बेसनाला लागून चिकट झालेली, दुसरी कोरडी, पिवळी, चांगली. घड्याळात सव्वाआठ. फूल दहाच्या आत मिटतं. मी ताटली उचलली आणि धावले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, ओट्याला धडकून, एका पायात चप्पल घालून. मागून हे ओरडत होते की तेल तापलं आहे. मी म्हटलं, बंद करा, तेवढं तरी करा.

मास्टरभाऊ स्टुलावर बसले होते. माझी ताटली पाहून त्यांना वाटलं भजे आले. मला दम लागला होता. शेवटी एका दमात सांगून टाकलं. की ही रिकामी फुलं रिकामी नसतात. ती नर असतात. ही दांडी त्या फुलाच्या मधोमध लागली तरच गाठ धरते. माश्या तेच न्यायला येत होत्या आणि आपण त्यांच्या आधी तोडून मोकळे होत होतो. नजर नाही, बोरॉन नाही, टाइल्सवाली नाही. मीच केलं, मास्टरभाऊ. शब्द मी दिला होता आणि मीच केलं.

त्यांनी ताटलीकडे पाहिलं, मग वेलाकडे. मला वाटलं आता हा माणूस जन्मात माझ्याशी बोलणार नाही, आणि ते बरोबरच होईल. मला रडू यायला लागलं.

मग ते उठले, हात धुऊन आले, लुंगीला कोरडे पुसले, आणि म्हणाले, "कोन्ती दांडी? आना."

त्यांनी ती कोरडी दांडी दोन बोटांत धरली, सुईत दोरा ओवताना धरतात तशी. चष्मा कपाळावर सरकवला, कारण जवळचं त्यांना चष्म्याशिवायच दिसतं. हलक्या आवाजात बिस्मिल्ला म्हणाले. मीही कुंपणाच्या या बाजूनं गणपतीला हात जोडले. बेसनाचे जोडले. त्यांनी दांडी फुलाच्या आत नेली आणि गोल फिरवली, एकदा, दोनदा, हळूच, जसा ते ब्लाउजचा गळा फिरवतात. फुलाच्या मधोमध पिवळी भुकटी लागलेली मला दिसली. तेवढ्यात एक मधमाशी आली आणि त्यांच्या बोटावर बसली. त्यांनी हात हलवला नाही.

त्या दिवशी भजे झाले नाहीत. दोन बिनदांडीची फुलं ओट्यावर मान टाकून पडली होती. मला ती टाकवेनात. संध्याकाळपर्यंत तशीच राहू दिली.

पुढचे दिवस मी सांगत नाही कसे काढले. पहिली गाठ पाचव्या दिवशी पिवळी पडली होती, म्हणून पाचव्या दिवशी मी परसात गेलेच नाही. ह्यांना पाठवलं. हे गेले, बराच वेळ आले नाहीत, मग येऊन खुर्चीत बसले, मोबाइल उघडला. मी म्हटलं, अहो, सांगा ना. म्हणाले, हिरवी आहे. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा न विचारता, पुढे म्हणाले, लिंबाएवढी झाली.

नारळाएवढी झाली तेव्हा मी टाइल्सवालीकडे गेले. तिची माफी मागायची होती, पण मला माफी मागता येत नाही, सवयच नाही. मी म्हटलं, तुझ्या न्हाणीत मुंग्या कमी झाल्या का? ती म्हणाली, झाल्या. मी म्हटलं, बरं झालं. तिनं चहा टाकला. आमचं भागलं.

कोहळं वजनानं कुंपण वाकवायला लागलं तेव्हा मास्टरभाऊंनी त्याला झोळी शिवली. ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांची, लाल, हिरवी, जांभळी, एक तुकडा जरीचा. दोन बाजूंना नाडी, चांगलं अस्तर लावून. आमच्या गल्लीत एवढ्या फिटिंगचं काही कुणी घातलं नसेल. वेल सगळा वाळला, पानं गेली, आणि त्या वाळक्या कुंपणावर रंगीत झोळीत ते राखाडी, खडबडीत, रागीट कोहळं लटकत राहिलं. लोक बघायला यायचे. मास्टरभाऊ कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

थंडीत देठ वाळला तेव्हा त्यांनी ते उतरवलं आणि आमच्या ओसरीवर आणून कापलं. आतून केशरी, आणि बियांनी गच्च. आमचे हे खुर्चीतून उठून खाली बसले, बिया धुवायला. मास्टरभाऊ एकेक बी कोऱ्या कापडावर पुसून ठेवत होते.

मग ते बोलले, हातातल्या बीकडे बघतच. म्हणाले, ती वेलावर दोन-चार फुलं ठेवायची ना, ज्यावरून मी भांडायचो. एकदा मी चिडून तिला विचारलं होतं, रिकामे फुलं काऊन ठेवतेस? त्या वर्षी कामधंदा मंदा होता, मी दिवसभर घरीच बसून असायचो.

"ती म्हने, रिकामे नाई ते, त्याहिले काम आहे. मले वाटलं, मलेच टोमना मारून राह्यली. चार दिवस बोललो नाई तिच्यासंग." त्यांनी ती बी डब्यात टाकली. "कंजूस म्हनत होतो मी तिले, बाई. सारी जिंदगी."

हुकाबटनांच्या डब्यावर झाकण नीट बसेना, तर आमच्या ह्यांनी डबा धरला आणि मास्टरभाऊंनी झाकण दाबलं.

यंदा वेल दोन्ही परसांत आहे. सकाळी मी फुलं तोडायला जाते तेव्हा मास्टरभाऊ त्यांच्या बाजूनं बघत असतात आणि आमचे हे ओसरीवरून. चार फुलं मी वेलावर ठेवते. ताटलीत भजे कमीच येतात, आणि अजून कुणी मला कंजूस म्हटलेलं नाही.